नाव शेवटी, इजा आधी

सदाशिव पेठ,
१४ ऑक्टोबर

शर्मिला,

'प्रिय' लिहायला पेन उचललं होतं, पण केवळ सवय म्हणून खोटं लिहायचं माझं वय आता राहिलेलं नाही. 'स. न. वि. वि.' लिहावं, तर तुला नमस्कार करायची इच्छा नाही आणि विनंती तर काहीच नाही. तेव्हा नुसतं शर्मिला.

आज टिळक रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात तुझं पोस्टर पाहिलं. 'अंगण : भिंतींशिवाय शाळा, लोणी काळभोर. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी.' बांबूचा मांडव, त्यावर पसरलेली वेल, तिला लोंबणारे जांभळे घोस, खाली चित्रं काढत बसलेली मुलं आणि मध्ये हातमागाची साडी नेसून तू, मान जराशी कलती. फोटो चांगला आलाय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पोस्टर वाचायचं असेल तर बाजूला उभं राहून वाचा, मागे लोक खोळंबलेत." मी बाजूला झाले आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

घरी येऊन मोठा करून पाहिला. एका देठाला तीन पानं, बाजूची दोन जरा तिरकी. फुलं वाटाण्याच्या घराण्यातली, जांभळी, उलटी लोंबलेली. खाली तुझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे, 'मुलांनी रानात वेचलेल्या बियांतून उगवलेली आमची वेल. हिचं नाव आम्ही अजून शोधतोय.'

मला शोधावं लागलं नाही. ती खाजकुइली आहे.

कसं झालं असेल तेही मला दिसतंय. उन्हाळ्यात तू मुलांना मुळशीच्या बाजूला नेलं असशील. तिथे त्यांना काळ्या चकचकीत बिया सापडल्या असतील, आणि चकचकीत दिसलं की मुलं खिशात भरतातच. मुलानं वेचलं ते मुलानं पेरायचं, म्हणून जूनमध्ये तू त्या मांडवाच्या खांबांशी लावून घेतल्यास. अगदी आपल्या पद्धतीनं. आता ती कुणालाही आवडावी अशी दिसते. यापुढे तिला शेंगा धरतील, त्यांच्यावर मखमलीसारखी लव येईल, जानेवारीत शेंगा वाळतील आणि ती लव वाऱ्यानं झडायला लागेल. एकेक कुसळ कातडीत शिरतं आणि माणूस अंग ओरबाडून रक्त काढतो. लोणीत कुणालाही विचारलंस तर आजच्या आज सांगतील. पण तुझ्याकडे गाव फक्त फोटोच्या मागच्या बाजूला असतं.

मी सांगणार नाही. हे पत्रही आत्ता टाकणार नाही. तारीख घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवतेय. जे व्हायचं ते झालं की सगळी पत्रं एकदम पाठवीन. म्हणजे कुणाला केव्हापासून माहीत होतं, ते तुला नीट कळेल.

हेमा


१५ नोव्हेंबर

शर्मिला,

आज तिसरा शनिवार. पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी अकरा ते पाच माझी मुलगी माझी असते. पाचला एक मिनिट उशीर झाला तर अनिरुद्ध पार्किंगमध्ये घड्याळाकडे बघत उभा असतो, आणि तो नुसता नवऱ्यासारखा उभा राहत नाही, वकील शेजारी असल्यासारखा उभा राहतो. कोर्टाच्या हुकमात लिहिलेलं आहे ना, वेळ पाळली नाही तर भेटींचा फेरविचार होईल. तुला ठाऊक असेलच. त्या हुकमात तुझाही हात आहे.

स्पृहा आता नऊ वर्षांची आहे. भाताचा पहिला घास घेताना म्हणाली, "आई, बाबा मला दर रविवारी शर्मिलामावशीकडे नेतो. आम्ही वेलीची चित्रं काढतो. शेंगा आल्यात, हिरव्या आहेत अजून." तुझ्याकडे येते हे मला अनिरुद्धनं सांगायला हवं होतं, पण तो मला तिला ताप आला तरी सांगत नाही.

मी अगदी सहज आवाजात म्हटलं, "तू त्या मांडवाखाली नको बसूस. पलीकडे कडुनिंब आहे ना, तिथे बसत जा. उजेड चांगला असतो." तिनं माझ्याकडे बघितलं आणि 'बरं' म्हणाली. का, ते विचारलं नाही. शहाणी पोर आहे.

तुझ्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'नाव शेवटी' असं आहे. ते वाक्य कुठे जन्मलं, आठवतंय? तळजाईवर, काटेसावरीच्या बुंध्याशी. आपण दोघी, चार घरांतली मुलं आणि थर्मासमधला चहा. मी तेव्हा म्हटलं होतं की मुलाला 'हा पळस' असं सांगितलं की ते शब्दाकडे बघतं आणि झाडाकडे बघायचं थांबतं. त्याला आधी बघू दे, वास घेऊ दे, पानगळीत एकदा आणि पालवीत एकदा परत येऊ दे, हवं ते टोपणनाव ठेवू दे. खरं नाव अगदी शेवटी, बक्षिसासारखं. तू म्हणालीस, "हेमा, हे लिहून काढ गं." मी लिहून काढलं. पण पुरतं लिहिलं होतं. नाव शेवटी, इजा आधी. जे चावतं, पोळतं, चिकटतं, ते हात पुढे व्हायच्या आत सांगायचं. बिब्बा, रुईचा चीक, खाजकुइली. स्पृहा पाच वर्षांची असताना सिंहगडाच्या पायथ्याशी मी तिला ती वेल लांबून दाखवली होती आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. तू माझं अर्धंच वाक्य नेलंस. उरलेलं अर्धं पोस्टरवर बरं दिसलं नसतं.

बाकीचं तर तू पुरतंच नेलंस. 'वाचनाची घाई नको, मूल आपल्या वेळेला वाचतं', हे सगळ्या आयांना सांगत फिरणारी तू. आणि फॅमिली कोर्टात साक्षीला उभी राहून काय म्हणालीस? "मुलगी सात वर्षांची होती, तिला धड वाचता येत नव्हतं. आई तिला दिवसभर टेकड्यांवर हिंडवायची." आवाजही किती हळवा लावला होतास. स्पृहा वाचत होती, शर्मिला. दुकानांच्या पाट्या वाचायची, बसच्या पाट्या वाचायची. परक्या माणसांनी पुस्तक पुढे धरल्यावर गप्प झाली, एवढंच. तुला ते माहीत होतं, तुझ्याच घरी तुझ्या लेकीला, पूर्वाला, ती गोष्टी वाचून दाखवायची. मग सहा महिन्यांत अनिरुद्धच्या काकांची लोणीची जमीन तुझ्या 'अंगण'ला मिळाली. योगायोग म्हणायचा आणि गप्प बसायचं.

मी गप्पच आहे. आता तर मला गप्प बसायला आवडायला लागलंय.

हेमा


३ जानेवारी

शर्मिला,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत नाही. तुझं वर्ष कसं जाणार ते मला साधारण माहीत आहे.

आज स्पृहा सांगत होती, "शेंगा तपकिरी झाल्यात, मांजराच्या शेपटीसारख्या." मग म्हणाली, अठराला मोठा कार्यक्रम आहे. पाहुणे, पालक, टीव्हीवाले, आणि सगळे वेलीच्या मांडवाखाली. तू तो दिवस वेलीसाठीच निवडलास म्हणे, ती तेव्हा 'परिपक्व' असेल म्हणून. हे ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून हसले. इतकं मनापासून हसायला मला दोन वर्षांत जमलं नव्हतं.

मी ते रोज डोळ्यांसमोर आणते. भांडी घासताना, दिवा लावताना. तू माइक हातात घेऊन 'निसर्ग हाच गुरू' असं काहीतरी सुरू करशील. दुपारचा वारा सुटेल. पहिल्या रांगेतला कुणी कॉलर सैल करील, मग शेजारचा. तू हसून वेळ मारून नेशील, आणि मग तुझाच हात तुझ्या मानेकडे जाईल. सिल्कच्या साडीत कुसळ शिरलं की ते निघत नाही, साडी फेकून द्यावी लागते. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तू नाचताना दिसशील. दुसऱ्या दिवशी प्रत्येक आई विचारील की ज्या बाईला आपल्याच मांडवावर काय चढलंय ते कळत नाही, तिच्या हाती मुलं का द्यायची. मला फक्त एवढं एक वाक्य पुण्यात फिरायला हवंय. तू माझ्याबद्दल फिरवलंस तेवढंच.

स्पृहा त्या दिवशी नाही. अनिरुद्ध तिला नाशिकला लग्नाला नेणार आहे. मी दोनदा विचारून घेतलं.

लहान मुलं असतील, हे मला माहीत आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर तू मला शिकवायला नकोस. खाजेनं कुणी मरत नाही. दोन तास रडतील आणि विसरतील. माझी मुलगी चौदा दिवसांतून एकदा माझ्याकडे येते आणि जाताना प्रत्येक वेळी बूट घालायला वेळ लावते. ते दोन तासांत विसरता येत नाही.

तरी काल तुझा नंबर लावला होता. तू मला ब्लॉक केलेलं आहेस. बरं झालं. एकदा प्रयत्न केला, असं मला स्वतःला सांगता येतं.

हेमा


१८ जानेवारी, सकाळ

शर्मिला,

अक्षर वाईट आलंय. हात सुजले आहेत, पेन नीट धरता येत नाही.

काल तू पाहिलंस ते पाहिलंस. त्याच्या आधी माझ्या घरात काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

स्पृहा अकराला आली. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाशिकचं रद्द झालं. उद्या आम्ही अंगणच्या कार्यक्रमाला जाणार. गाणं आहे आमचं."

मी म्हटलं, "पोटात दुखतंय म्हण आणि घरी राहा."

"नको. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"मावशी खाजवताना."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी खाली बसले, तिच्या समोर. तिनं मला समजावून सांगितलं. ती जॅकेट घालणार, टोपीवालं. गाताना कडेला उभी राहणार, वारा येतो त्या बाजूला. लहान मुलं पुढे बसतात, अगदी वेलीखाली, त्यामुळे ती कुणाच्या मध्ये येणार नाही. सगळं आखलेलं होतं तिनं. निरीक्षण अगदी बारीक होतं, वाऱ्याची दिशासुद्धा बरोबर. मीच शिकवलंय.

"तुला कधी कळलं ती कुठली वेल आहे?"

"शेंगांवर केस आले तेव्हा वाटलं. पण तू कडुनिंबाखाली बस म्हणालीस ना, तेव्हा नक्की कळलं."

"मग मावशीला का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बावळट प्रश्न विचारल्यासारखी.

"तू पण नाही सांगितलंस," ती म्हणाली. "मला वाटलं, आपण दोघी मिळून गप्प आहोत."

शर्मिला, कोर्टातल्या बाकावर बसून तुझी साक्ष ऐकताना मी रडले नव्हते. काल रडू आलं. तिनं मला पाणी आणून दिलं. ती खुशीत होती गं. आईचं आणि तिचं काहीतरी एक गुपित आहे, त्यात बाबा नाही, कोर्ट नाही, या आनंदात तिनं दोन महिने काढले होते. चौदा दिवसांतून एकदा भेटणाऱ्या आईशी तिला दुसरं काय जोडता येणार होतं?

मी विचारलं, "पुढे कोण कोण बसतं?"

तिनं नावं सांगितली. पहिलं नाव तुझ्या पूर्वाचं होतं.

मी तिला बूट घालायला सांगितले. स्वारगेटला आलो, लोणीची बस मिळाली. तिला शहराबाहेर न्यायचं नाही, असं हुकमात आहे. पाचपर्यंत परत पोचणार नाही, हेही मला बस हडपसरच्या पुढे अडकली तेव्हा स्पष्ट कळलं. उतरता आलं असतं. नाही उतरले.

पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तुझ्या फाटकावरच्या माणसानं आम्हाला आत सोडलं ते स्पृहा ओळखीची म्हणून. तू मांडवाखाली उभी होतीस, झेंडूच्या माळा बांधणाऱ्याला सूचना देत. तो मघापासून मान खाजवत होता आणि तू त्याला म्हणत होतीस, "अहो, घाम आलाय, टॉवेलनं पुसा." मला बघून तुझा चेहरा उतरला.

"हेमा? आज कशाला?"

"पाण्याचा पाइप कुठे आहे?"

"हे बघ, तमाशा करायचा असेल तर..."

तेव्हा स्पृहा पुढे झाली. मी तिला सांगितलं नव्हतं. हात पाठीमागे बांधून, पाच वर्षांची असताना उभी राहिली होती तशीच उभी राहून म्हणाली, "मावशी, ही खाजकुइली आहे. पूर्वाला तिथून उठव." तू वर बघितलंस. मग त्या माळावाल्याच्या मानेकडे बघितलंस. मी या क्षणाची तीन महिने वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा मला तुझ्याकडे बघायला सवड नव्हती. मी माझ्या मुलीकडे बघत होते. तिला तुझा चेहरा बघून मजा वाटत होती.

बाकी तुला माहीत आहे. जानेवारीत रेनकोट घालून, हातांना पिशव्या बांधून, मी आधी ती सगळी वेल भिजवली, म्हणजे लव उडत नाही. मग बुंध्यापासून कापली, ओल्या पोत्यांत भरली आणि तुझ्या फाटकावरच्या माणसाकडून खड्डा खणून घेऊन त्यात पुरली. एका पिशवीला भोक होतं, म्हणून हात असे झालेत. तू पूर्वाला कडेवर घेऊन लांब उभी होतीस. तुझा मांडव उघडा पडला, नुसता बांबू. शेवटी तू जवळ येऊन हळूच विचारलंस, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "पत्रानं कळवते."

ही ती पत्रं. मूळ प्रती आहेत, झेरॉक्स ठेवलेली नाही.

काल आम्ही अनिरुद्धकडे पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तो मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत पार्किंगमध्ये उभा होता. पुढच्या महिन्यात तारीख आहे. मुलीला तास न् तास कुठे नेलं होतं, असं विचारतील, आणि त्यांनी साक्षीला बोलवावीत अशी माणसं दोनच, तू आणि मी. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, याची व्यवस्था तू आधीच केलेली आहेस. खरं सांगितलंस, तर मुलांच्या डोक्यावर तू काय चढवलं होतंस तेही सांगावं लागेल. खोटं सांगितलंस, तर ते पूर्वाच्या तोंडाकडे बघून सांगावं लागेल. किंवा ही पत्रं दे वकिलाला. मला तीन महिने माहीत होतं, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. मग मला शनिवारही उरायचे नाहीत. तुझी मर्जी. तू आयुष्यभर माझ्या उपकाराखाली राहणार आहेस, यात मला किती समाधान वाटतंय ते मी लपवत नाही.

पण मी पत्रं पाठवतेय ती त्यासाठी नाही. परतताना बसमध्ये स्पृहा खिडकीशी बसली होती. तिनं विचारलं, "मावशी आता कोर्टात आपल्या बाजूनं बोलेल?"

मी म्हटलं, "बहुतेक नाही."

"मग आपण का सांगितलं?"

"लहान मुलं बसतात ना तिथे. पूर्वा बसते."

मांजरी गेली, हडपसर आलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पूर्वा तिथे बसते हे मला रोज आठवायचं. तरी मी गप्प बसले."

नऊ वर्षांच्या मुलीचं वाक्य आहे हे. तू तिला माझ्यापासून तोडलंस आणि मी तिला हे शिकवलं, दोघींनी मिळून तिच्याकडून ते वदवलं. मी ते मरेपर्यंत ऐकत राहणार आहे. पण ते माझ्या एकटीच्या पदरात टाकून तुला मोकळं होता यायचं नाही. अर्धं तुझं आहे. ते तुला पोचावं, म्हणून ही चारही पत्रं.

हेमा

ता. क. मांडवाखालची जमीन कोरडी झाडू नका, पाणी मारून वरची माती काढून पुरा. मुलांना महिनाभर तिकडे फिरकू देऊ नकोस. पूर्वाच्या अंगाला लागलंच असेल तर चोळू नकोस, चिकटपट्टी लावून कुसळं ओढून काढ आणि मगच धू. डोळ्याला लागलं असेल तर थेट डॉक्टरकडे जा आणि त्यांना वेलीचं नाव सांग.